थर्झामावशी आणि विहिरीवरचं कोकरू

"कावेबाज आहे ती बाई. तोंडावर गोड बोलते आणि मागून दोऱ्या ओढते."

"अमोस, तुम्ही ज्याला कावा म्हणताय ना, त्याला पुस्तकात स्टेटक्राफ्ट म्हणतात. राज्य चालवायची अक्कल."

"आणि पुस्तकात डुकराला काय म्हणतात, मास्तर? तेही सांगून टाका. वर्षभर मी तेवढंच ऐकतोय."

हे भांडण कानावर आलं तेव्हा माझे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात होते. चॅपलच्या मागच्या कोठारात लाकडी टबात उभी राहून मी फळीवरच्या भेगा बुजवायला लागणारी चिकणमाती तुडवत होते. नव्या सुनेला आमच्या ब्रॅकलो गावात विहीर सजवायच्या आठवड्यात तेच काम मिळतं, आणि मी मार्चमध्येच लग्न होऊन पल्याडच्या खोऱ्यातून आले होते. पाय काढावे तर पचकन आवाज होणार आणि बाहेरच्यांना कळणार. म्हणून मी, ओला राहावा म्हणून मीठ घातलेल्या त्या गार चिखलात खांबासारखी उभी राहिले आणि फळ्यांच्या फटीतून सगळं ऐकलं.

अमोस ट्विग म्हणजे खाणीतला दगडफोड्या, खालच्या आळीचा पुढारी. लॅव्हरिक मास्तर शाळेचे. भांडण चाललं होतं ते थर्झा व्हील्डनवरून, जी तेव्हा पन्नास पावलांवर शाळेच्या पायऱ्या धूत होती.

मास्तरांना गप्प बसवेना. ते शाळेत गेले आणि जाडजूड शब्दकोश काखेत घालून परत आले. भिंतीवर ठेवून पानं उलटायला लागले.

"हे बघा. स्टेट. लॅटिनमध्ये मूळ अर्थ उभं असणं, उभं राहण्याची रीत. आणि क्राफ्ट. आपल्या जुन्या भाषेत त्याचा पहिला अर्थ ताकद. अंगातलं बळ."

"पहिला म्हणालात."

"मग झाला हाताचा हुन्नर. सुताराचा, गवंड्याचा, तुमचा."

"आणि मग?"

मास्तर जरा घुटमळले. "मग... चलाखी."

"लबाडी म्हणा की."

"लबाडीही म्हणतात. पण तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे दोन शब्द जोडले तेव्हा..."

"तेव्हा त्याला थर्झा व्हील्डन माहीत असणार," अमोस म्हणाला. "म्हणजे पहिलवानापासून निघाला, गवंड्याकडे चहा प्याला आणि भामट्याच्या घरी मुक्कामाला राहिला तुमचा शब्द. ती बाई त्या शेवटच्या घरची. हा घ्या माझा एप्रन. कोकरू करायला आता तुमच्या पुस्तकालाच सांगा."

आणि तो गेला. मी पाय काढला. पचकन आवाज झाला. मास्तरांनी फटीकडे बघितलं आणि म्हणाले, "ऐकलंत सगळं?" मी म्हटलं, "नाही, मास्तर, लॅटिन कळलं नाही."

त्या दिवशी बुधवार होता. शनिवारी सकाळी पाकळ्यांच्या चित्राची फळी विहिरीवर चढायची होती.

*

थर्झामावशी गावात कुणीच नव्हती, म्हणजे कागदावर. शाळा झाडायची, गावच्या हॉलची शेगडी पेटवायची, सभेला चहा करायची. लग्न केलं नाही. चॅपलच्या गल्लीत एका खोलीत राहायची आणि एक लंगडी कोंबडी पाळायची, जी अंडी देत नव्हती. कुणी विचारलं तर म्हणे, "तिचं तिला कळत नसेल का?" माझ्याइतकीच शाळा शिकलेली, म्हणजे सही करता येण्यापुरती, आणि माझ्यापेक्षा दुप्पट वयाची. सगळं गाव तिला मावशी म्हणे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

विहीर समितीचे अध्यक्ष पाद्रीसाहेब. चिटणीस मास्तर. खजिनदार कोण होता ते आठवत नाही, म्हणजे माणूस बरा असणार. मावशी समितीत नव्हती. ती फक्त त्या खोलीत असायची.

पण लग्न होऊन आल्यावर मी पहिल्या सभेला चहाचे कप धुवायला गेले आणि तेव्हाच ध्यानात आलं की या खोलीत काहीतरी वेगळंच चाललंय. वरच्या आळीचा कथबर्ट हीथकोट बोलायला उभा राहिला की थांबायचाच नाही. अर्धा तास झाला की मावशी शेगडीत कोळसा घालायचं बंद करी. बाकी काही नाही. खोली हळूहळू गार पडायची, लोक कोट ओढून घ्यायचे आणि ठराव आपोआप मंजूर व्हायचे. चांगलं काही चाललेलं असलं, दोन माणसं तडजोडीला आलेली असली, तर बादलीतला शेवटचा कोळसासुद्धा जायचा. कुणाचा पारा चढायला लागला की ती त्याच्या हातात कप द्यायची, काठोकाठ भरलेला, चटका बसेल असा. दोन्ही हातांनी धरावा लागे. गरम चहा दोन्ही हातांत धरून माणूस टेबलावर मूठ आपटू शकत नाही. तुम्ही करून बघा.

मी एकदा म्हटलं, "मावशी, तुम्ही मुद्दाम करता का हे?"

"काय गं?"

"कप इतका भरता ते."

"माझा हात जड आहे, पोरी," ती म्हणाली.

*

आता त्या डुकराबद्दल सांगायला हवं.

आमच्या विहिरीवरची फळी दहा फूट उंच. चार दिवस गिरणीच्या तळ्यात भिजवायची, तिच्यावर चिकणमाती थापायची, मास्तरांनी काढलेलं चित्र खिळ्याने टोचून उतरवायचं, रेघा आल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी आखायच्या आणि मग पाकळ्या. एकेक पाकळी बोटाने दाबायची. कौलं घालतात तशी, खालून वर. खालची ओळ आधी, तिच्यावर वरची ओळ थोडी चढवून, म्हणजे पाऊस आला तरी ओघळून जातो, आत शिरत नाही. हे इथल्या पोराला बोलायच्या आधी येतं.

गावाची वाटणी जुनी होती. खालचं चित्र खालच्या आळीचं, वरचं वरच्या आळीचं. खालचे प्रार्थनेला चॅपलमध्ये जाणारे, वरचे चर्चमध्ये. आणि वर आभाळ असायचंच, आणि आभाळाला निळ्या पाकळ्या लागतात, आणि निळा फक्त कथबर्ट हीथकोटकडे. आमच्या चुनखडीच्या मातीत हायड्रेंजियाचं झुडूप लावलं तर फूल गुलाबी येतं. कथबर्टच्या आजीने दुसऱ्या डोंगरावरची काळी माती गाढवावरून आणवून दारात दोन मोठ्या पिंपांत भरली होती, आणि त्यात फुलं यायची ती अशी निळी की बघतच राहावं. त्या दोन पिंपांमुळे हीथकोट घराणं तीन पिढ्या आभाळाचं मालक होतं.

युद्धात सहा वर्षं विहीर सजलीच नाही. मग परत सुरू झाली. आणि मी यायच्या आदल्या वर्षी चित्रात एक कोकरू होतं. अमोसने केलं होतं, खालच्या आळीतला सगळ्यात चांगला हात म्हणून. कथबर्टने ते पाहिलं, टोपी मागे सरकवली आणि भर गर्दीत, पाद्रीसाहेबांसमोर म्हणाला, "डुक्कर सुंदर झालंय."

एवढंच. पण अकरा महिने अमोस त्याच्याशी बोलला नाही. खालची आळी वरच्या आळीकडे दूध घेईना. खालच्यांनी ठरवलं, डुक्कर शब्द मागे घेतल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. कथबर्ट म्हणाला, डुक्कर मागे घेणार नाही, मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि फळी उचलायला बारा माणसं लागतात. ओली फळी, दोन बोटं जाड माती. सहा वरचे, सहा खालचे, असंच चालत आलेलं. सहा माणसांनी ती जमिनीवरून हलत नाही. म्हणजे दोघांपैकी एक आळी आली नाही तर यंदा विहीर उघडी. समितीत सगळे माना हलवत होते. पाद्रीसाहेब म्हणाले, कदाचित एखादं वर्ष विश्रांती घ्यावी. मावशीने शेगडीतला कोळसा थांबवला, आणि त्यावर ठराव यायच्या आधीच सभा उठली.

नंतर कप धुताना मला म्हणाली, "सहा वर्षं उघडी होती ना विहीर. मी रोज पाण्याला जात होते. पोरांचे बाप गेलेले, आणि दगडावर एक फूल नाही. आता परत तशी बघणार नाही मी." एरवी ती कधी असं बोलत नसे. मग म्हणाली, "तो कप नीट पूस."

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. यंदाचं चित्र काय, म्हणून. मास्तरांच्या डोक्यात नोहाचं तारू होतं, सगळ्या प्राण्यांच्या जोड्यांसकट. ती म्हणाली, छान आहे. मग म्हणाली, तारवात दोन डुकरं येतील ना? मास्तरांनी तारू खोडलं. शेवटी चित्र ठरलं ते हरवलेलं कोकरू शोधून आणणाऱ्या मेंढपाळाचं. वर मोठं निळं आभाळ. खाली कुरण, आणि कुरणावर पुन्हा कोकरू.

"पुन्हा कोकरू?" मास्तर म्हणाले.

"जिथे पडलो तिथूनच उठायचं ना, मास्तर," मावशी म्हणाली.

मग ती कथबर्टकडे गेली. मी बरोबर होते, टोपली धरायला. निळ्याचं नाव तिने काढलं नाही. पिंपांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "कथबर्ट, तुझं एक कोकरू हवं होतं. चार दिवस. कोठारात बांधून ठेवीन."

"कशाला?"

"खालचे लोक चित्र करतायत. समोर खरं असलेलं बरं."

कथबर्टच्या तोंडावर हसू पसरलं ते मला अजून दिसतं. "म्हणजे कोकराला किती पाय असतात ते मोजता येईल त्यांना."

"हवं तर मोजतील."

"घेऊन जा. सगळ्यात देखणं देतो. आणि अमोसला म्हणावं, नाक बघून घे. नाक."

परत येताना ती सरळ अमोसच्या दाराशी. अमोस पायरीवर बसून बूट साफ करत होता.

"अमोस, कथबर्ट आपल्या कळपातलं सगळ्यात देखणं कोकरू पाठवतोय. तुझ्यासाठी."

अमोसचा ब्रश थांबला. "हीथकोट? माझ्यासाठी?"

"चित्राला."

त्याने ब्रश पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "हं. अकरा महिन्यांनी अक्कल आली म्हणायची." आणि म्हणाला, "दगडफूल आणतो मी. खाणीच्या उत्तर बाजूला करडं दगडफूल आहे, लोकरीसारखं. मागल्या वर्षी मला ते सुचलं नव्हतं."

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "मावशी, हे खोटं झालं."

"कोणता शब्द खोटा होता?"

मी वळणापर्यंत शोधत राहिले. सापडला नाही.

*

सोमवारी फळी तळ्यातून काढली, माती थापली. मंगळवारी रेघा आखून झाल्या, कोकरू आलं, कोठाराच्या कोपऱ्यात दोरीने बांधलं. चार महिन्यांचं, दांडगं, आवाज एखाद्या पाद्र्यासारखा. बुधवारी खालच्या बायकांनी पार्स्लीची पानं लावून कुरण पुरं केलं आणि अमोसने कोकराचे पाय केले, चारही. सुरेख झाले होते. आणि संध्याकाळी कथबर्ट गाडीवरून जाता जाता कोठाराच्या दारात ओरडला, "काय अमोस, मोजलेस का पाय?"

तिथेच सगळं फुटलं. अमोसने कोकराकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि त्याला कळलं ते का आलंय. पुढचं भांडण मी चिखलात उभी राहून ऐकलं ते सांगितलंच.

आता अडचण बघा. खालून वर लावायचं असतं. कोकरू झाल्याशिवाय मेंढपाळाचे हात होत नाहीत, मेंढपाळाचं डोकं झाल्याशिवाय आभाळ सुरू होत नाही. वरची आळी टोपल्या भरून तयार बसली होती आणि त्यांचं सगळं आभाळ अमोसच्या एका कोकरावर अडलं होतं. दुसऱ्या कुणाला ते करता आलं नसतं असं नाही. पण अमोसचं अर्धं काम दुसऱ्याने हातात घेतलं असतं तर खालची आळी पुढची दहा वर्षं परतली नसती.

मी मावशीला जाऊन सगळं सांगितलं. भामट्याच्या घरचा मुक्कामसुद्धा सांगितला. ती हसली. मग हात पुसत कोठारात आली. फळी आडवी ठेवलेली, बुटक्या लाकडी घोड्यांवर. ती भोवती फिरली. कोकराला थोपटलं.

"पोरी, याची दोरी जरा सैल बांध. बिचारं वळूसुद्धा शकत नाही."

मी बांधली. "एवढी?"

"अजून थोडी."

सकाळी मी दार उघडलं तर पार्स्लीचं कुरण नव्हतं. खालची सबंध कड ओरबाडून काढलेली, मातीत खुरांचे ठसे, आणि कोकरू शांत बसून रवंथ करतंय. अमोसने केलेल्या चार पायांना मात्र धक्का नव्हता. दगडफूल त्याला आवडलं नसावं.

मास्तर आले आणि एका खोक्यावर मटकन बसले. "संपलं," म्हणाले.

मावशी आली, बघितलं. "बरं झालं. खाल्लं ते सगळं खालच्या आळीचंच खाल्लं," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कथबर्टला सांगून ये, तुझ्या कोकराची न्याहारी झाली. बाकी काही बोलू नकोस."

मी तेवढंच सांगितलं. कथबर्ट माझ्या आधी कोठारात पोहोचला. फळी बघून त्याचे कान लाल झाले. दुसऱ्याची गंमत करायची सवय असलेल्या माणसाला आपली फजिती कुठे ठेवावी कळत नाही.

"आता?" म्हणाला.

"तुझंच कोकरू," मावशी म्हणाली, अगदी मऊ आवाजात, आणि पार्स्लीची टोपली त्याच्या हातात दिली. काठोकाठ भरलेली.

एवढा मोठा माणूस, कॉलरचा शर्ट, गुडघ्यांवर बसला. तीन पिढ्या आभाळाचे मालक, पण त्याने स्वतः कधी पाकळी लावली नव्हती. फुलं द्यायची आणि हुकूम सोडायचे, लावायच्या त्या त्याच्या बहिणी. आता त्याने पार्स्ली घेतली आणि वरच्या कडेपासून लावायला सुरुवात केली. वरून खाली. मी तोंड उघडलं. मावशीने माझ्या पायावर पाय दिला.

आमच्या गावात बातमी न्यायला माणूस लागत नाही. बारा वाजता खाणीची जेवणाची घंटा झाली आणि सव्वाबाराला अमोस दारात उभा. डबा हातात, डोक्यावर पांढरी धूळ. बहुतेक फक्त बघायला आला होता. हीथकोट गुडघ्यांवर, खालच्या आळीचं गवत लावतोय. त्याने डबा उघडला, ओटकेकचा तुकडा मोडला आणि चौकटीला टेकून खात बघत राहिला.

"डुक्कर येऊन गेलं वाटतं," म्हणाला.

कथबर्टने एक पान लावलं. आणखी एक, त्याच्या खाली.

अमोसचं चावणं थांबलं. "अरे, काय करतोयस?"

"गवत."

"वरून?"

"का?"

"का म्हणजे? पाऊस आला तर सगळं पाणी पानांच्या मागे जाईल, माती सुटेल, कुरण विहिरीत. तुझ्या घराचं छप्पर असं घातलंय का?"

"माझं छप्पर तुझ्याच बापाने घातलंय."

"मग जाऊन बघ ते एकदा. सरक." त्याने डबा माझ्या हातात दिला आणि तोही गुडघ्यांवर बसला. "काढ ते सगळं. सगळं. हे असं, ही ओळ आधी. आता तिच्यावर अर्धं चढव. अर्धं म्हटलं मी. तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही का?"

"निळा तोडायला शिकवलं."

"दिसतंय."

मावशी केव्हाच निघून गेली होती. शाळेच्या पायऱ्या धूत होती. अमोस दुपारी खाणीत परत गेलाच नाही, त्याचं पुढे जे काय व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत कुरण झालं, कोकरू झालं. नाक करताना कथबर्ट खऱ्या कोकराची हनुवटी धरून उजेडाकडे वळवून बसला होता, आणि अमोस म्हणत होता, "हलू नकोस. तुला नाही रे, त्याला." शुक्रवारी आभाळ झालं. वरच्या आळीच्या बायकांनी चार खुर्च्या जास्त आणल्या आणि त्यांच्यावर खालच्या बायका बसल्या.

शनिवारी सहा वरचे, सहा खालचे. कथबर्ट आणि अमोस एकाच कोपऱ्याला. फळी उभी राहिली, पाद्रीसाहेबांनी आणि चॅपलच्या उपदेशकांनी आपापली प्रार्थना म्हटली, दोघांनीही थोडी लांबवली, आणि मध्येच सर आली. सगळे फळीकडे बघत भिजत उभे राहिले. पाणी पाकळ्यांवरून ओघळलं, खाली डोणीत पडलं. एक पान हललं नाही.

कथबर्टने टोपी मागे सरकवली. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघायला लागलं. तो पुढे होऊन कोकरापाशी वाकला.

"हे माझं आहे," म्हणाला. "कुठेही ओळखीन मी याला."

अमोसने नाक शिंकरलं. डुक्कर तिथे संपलं.

चहाच्या वेळी मास्तरांनी मावशीला गाठलं. शब्दकोश सांगायचा राहून गेला तर त्यांना झोप लागत नसे. म्हणाले, तुम्ही जे केलंत ना, त्याला एक शब्द आहे, आणि स्टेट, आणि उभं असणं, आणि क्राफ्ट, आणि ताकद, सगळं. ती किटली धरून ऐकत होती.

"म्हणजे एखादी गोष्ट उभी ठेवायची ताकद," म्हणाली.

"मुळात, हो."

"तर मग ती त्या बारा जणांत आहे, मास्तर. माझ्या हातून नुसती किटली उचलली जाते."

पलीकडून अमोस म्हणाला, "आणि तिसरा अर्थ सांगितलात का तिला?"

"सांगितला," मावशी म्हणाली. "कप पुढे कर." आणि काठोकाठ भरला.

*

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं विहीर एकदाही उघडी राहिली नाही. भांडणं झाली, पुष्कळ झाली, त्यांचं एक वेगळंच पुस्तक होईल. मावशी कधी समितीत गेली नाही. एकदा कुणीतरी तिचं नाव सुचवलं तर म्हणाली, मग चहा कोण करेल? आणि सभेला तो मुद्दा पटला.

अमोस गेला, त्याच्या पाठोपाठ मास्तर. मावशी गेली तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, फळी चढल्यावरच्या सोमवारी, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नाही. ते त्यांना कसं कळतं कोण जाणे, पण मी मानून घेतलं.

त्याच्या आदल्या गुरुवारी ती नेहमीसारखी निळा आणायला निघाली. चढ होता, मी म्हटलं, मावशी, मी जाते. म्हणाली, तू गेलीस तर तो देईल, मजा काय? म्हणून मीही गेले, टोपली धरायला.

कथबर्ट दारात खुर्चीवर बसला होता, पायांवर घोंगडी. ऐकायला जरा कमी. पिंपं भरून फुललेली. मावशीने पिंपांकडे बघितलं नाही. दगडी कुंपणावर बसली आणि खाली गावाकडे बघत राहिली.

"यंदा नाही देणार," कथबर्ट म्हणाला.

"बरं."

"फुलं कमी आलीत."

"दिसतायत."

"मागल्या वर्षी त्या खालच्या पोरांनी माझं आभाळ मेंढपाळाच्या कानात कोंबलं होतं."

"कोंबलं होतं खरं."

ती बसून राहिली. तिने बुटातला खडा काढला. एक गाय रस्त्याने गेली. मग कथबर्टने खुर्चीखालून कात्री काढली, ती आधीपासून तिथेच होती, आणि एकेक फूल कापून मागे न बघता माझ्या टोपलीत टाकायला लागला. टोपली भरली तरी थांबेना.

"पुरे," मी म्हटलं.

"तुला कोणी विचारलंय?" तो म्हणाला. "काठोकाठ लागते तिला."

उतरताना तिने माझा हात धरला, तेवढंच नेहमीपेक्षा वेगळं. कोठारात टोपली खाली ठेवली, नळाखाली फडकं भिजवून पिळलं, फुलांवर पसरलं, चारी कडा दाबल्या. नव्या सुना टबात चिखल तुडवत होत्या, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मीठ घातलंत ना?" त्या म्हणाल्या, घातलं. मग शेगडीवर चहा ठेवायला गेली.